मापनशास्त्रात जर्मनीतून डॉक्टरेट: अर्जाची तयारी कशी करावी

इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतलेला विद्यार्थी जर्मन विद्यापीठांत त्याच नावाचा विभाग शोधू लागतो आणि तो बहुधा सापडत नाही. तिकडे हा विषय 'मेसटेख्निक' (मापनतंत्र) या नावाने विद्युत किंवा यंत्र अभियांत्रिकीतील एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये असतो. म्हणून विभागाऐवजी प्राध्यापकाचा संशोधनगट शोधावा. इल्मेनाऊच्या तांत्रिक विद्यापीठात नॅनोमीटर पातळीवरील मापनयंत्रांवर दीर्घकाळ काम चालू आहे. ब्राउनश्वाइगमध्ये तांत्रिक विद्यापीठ आणि पीटीबी ही राष्ट्रीय मापनसंस्था एकाच शहरात आहेत. पीटीबीची मूळ संस्था १८८७ साली बर्लिनजवळ स्थापन झाली आणि तिथे झालेल्या कृष्णपदार्थाच्या (पडणारे सर्व प्रारण शोषून घेणाऱ्या आदर्श वस्तूच्या) प्रारणमापनांचा आधार भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांच्या १९०० सालच्या प्रारणविषयक सूत्राला मिळाला. मात्र पीटीबी स्वतः पदवी देत नाही. प्रयोग तिथे केले तरी नोंदणी विद्यापीठात करावी लागते.

अभियांत्रिकीतील डॉक्टरेट तिकडे बहुतांशी नोकरीच असते, हे आधी लक्षात घ्यावे. जागांची जाहिरात निघते, वेतन सहसा ई-१३ या सार्वजनिक सेवेतील वेतनश्रेणीत पूर्ण किंवा अंशकालीन मिळते आणि 'डॉक्टर-इंजिनिअर' ही पदवी हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात. करार किती काळाचा आहे, वेतन किती टक्के आहे आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर काय, हे मुलाखतीत विचारण्यात संकोच करू नये. पदव्युत्तर पदवी सहसा लागतेच, केवळ बी.ई.वर थेट प्रवेश अपवादानेच मिळतो.

खरा कस लागतो तो प्राध्यापकांना पाठवायच्या पहिल्या पत्रात. आपल्याकडील अभ्यासक्रमाचा भर प्रक्रिया-नियंत्रण, पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक नियंत्रक) आणि सेन्सर यांवर असतो, त्यामुळे 'मी अमुक प्रणाली बनवली' असे लिहिण्याचा मोह होतो. मापनशास्त्राच्या माणसाला त्यापुढचे हवे असते: ती प्रणाली किती अचूक मोजते आणि हे तुम्हाला कशावरून कळले? समजा, तुम्ही लोड सेलवर (वजन किंवा बल मोजणाऱ्या सेन्सरवर) प्रकल्प केला असेल, तर तापमानामुळे होणारा बदल, हिस्टेरेसिस (भार वाढवताना आणि उतरवताना वाचनांत पडणारा फरक), वाचनांची पुनरावृत्तिक्षमता आणि संदर्भवजनाच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रातील अनिश्चितता (मोजलेले मूल्य किती मागेपुढे असू शकते ती मर्यादा) यांचा हिशेब मांडून एकत्रित अनिश्चितता किती येते, हे अर्ध्या पानात दाखवावे. 'गम' या नावाने ओळखली जाणारी मापनातील अनिश्चिततेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका यासाठी आधी वाचावी. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत काही महिने काम केले असेल, तर ते अर्जाच्या तळाशी न टाकता वर आणावे. माझ्या मते एखाद्या घाईघाईने छापलेल्या शोधनिबंधापेक्षा त्याचे वजन अधिक आहे. एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नये, ते ओळखू येते. प्राध्यापकांचा एखादा अलीकडचा निबंध वाचून त्यातील मापनपद्धतीविषयी एक नेमका प्रश्न विचारावा.

कागदपत्रांत गुणपत्रिका, प्रबंधाचा सारांश आणि दोन शिफारसपत्रे तयार ठेवावीत. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला) आणि व्हिसा यांचे नियम तुम्ही विद्यार्थी म्हणून जाता की कर्मचारी म्हणून, यावर अवलंबून असतात. ते दूतावासाच्या ताज्या सूचनांतूनच पाहावेत.

संशोधनगटाचे काम अनेक ठिकाणी इंग्रजीत चालते, तरी निघण्यापूर्वी कामचलाऊ जर्मन शिकावे. प्रयोगासाठी लागणारा धातूचा एखादा भाग शेवटी कार्यशाळेतील तंत्रज्ञच बनवून देणार असतो आणि त्याला इंग्रजी येईलच असे नाही.