सोलापुरात राहून ब्लूज गिटारवादक होताना

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे संगीत आहे. तरीही तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला त्याची घडण परकी वाटत नाही. चार-चार मात्रांच्या बारा बारचे, म्हणजे ४८ मात्रांचे, हे आवर्तन असते. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर (एकत्र छेडलेल्या सुरांच्या गटावर), दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि अखेरचे दोन षड्जावर वाजवावेत. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिला व तिसरा भाग वाजवला की शफल, म्हणजे ब्लूजची झुलती लय, तयार होतो. हे आवर्तन न मोजता हातातून येऊ लागल्याशिवाय सोलोच्या, म्हणजे एकट्याने सुरावट वाजवण्याच्या, नादी लागू नये, कारण साथीला बोलावणारे आधी लय पाहतात.

सोलोसाठी धानी रागाचे सूर उपयोगी पडतात. सा, कोमल ग, म, प, कोमल नी म्हणजेच मायनर पेंटॅटोनिक. त्यात तीव्र मध्यम आला की ब्लूज स्केल होते. कोमल गंधाराची तार बोटाने किंचित खेचावी, पण शुद्ध गंधारापर्यंत नेऊ नये. त्या दोन सुरांमधल्या जागेत ब्लूजचा सारा जीव आहे आणि ती केवळ ऐकूनच सापडते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गिटार बंद गाडीत मुळीच ठेवू नये. लाकूड जोडणारा सरस मऊ होऊन ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी, उचलला जातो. कोरड्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी केसमध्ये ठेवावी.

केवळ ब्लूजवर घर चालेल, असे सुरुवातीला धरून चालू नये. प्रसिद्ध ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले, तेव्हा तेही दिवसा कामाला जात आणि रात्री वाजवत. लग्नसमारंभ, ऑर्केस्ट्रा, शिकवण्या हे सारे मनापासून करावे. विसार घेतल्याशिवाय मात्र तारीख देऊ नये. एका समारंभात तीन तास वाजवूनही मला रिकाम्या हाताने परतावे लागले होते. पुण्याचा कार्यक्रम असल्यास हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाता येते, परंतु रात्री उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमानंतरच्या मुक्कामाचा खर्च मानधन ठरवतानाच सांगावा, आणि तारांचा एक जादा संच नेहमी सोबत ठेवावा.