बाप्टिसियाची लागवड: या चुका टाळा

बाप्टिसिया ऑस्ट्रॅलिस हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातले शेंगवर्गीय बहुवार्षिक रानफूल आहे. वसंत ऋतूच्या अखेरीस त्याला निळ्या-जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात, आणि अमेरिकेतील पेरेनियल प्लांट असोसिएशनने 2010 मध्ये त्याची वर्षातील बहुवार्षिक वनस्पती म्हणून निवड केली होती. तरीही बी उगवत नाही, रोप वाढत नाही, फुले येत नाहीत, अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात. हंगामी फुलझाडांना लावलेला हिशेब या झाडाला लावला जातो, हेच बहुतेक वेळा त्यामागचे कारण असते.

पहिली चूक बियाण्यापाशी होते. या बियाचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी सहजी आत शिरत नाही, त्यामुळे प्रक्रिया न करता पेरलेले बी कित्येक महिने तसेच पडून राहते. बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून त्याची चकाकी घालवावी, मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. जे फुगले ते पेरावे, जे फुगले नाही ते पुन्हा घासावे. उघड्यावर पेरायचे असेल तर शरद ऋतूत पेरणी करावी, म्हणजे हिवाळ्याची थंडी आणि ओल बियाला आपोआप मिळते. घरच्या शेंगांतले बी वापरताना ते नीट निवडून घ्यावे, कारण सोंडे शेंगेत शिरून बी पोखरतात. हवेतले नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या मुळांवरच्या गाठींसाठी योग्य रायझोबियम जिवाणू लागतात. जवळ जुने झाड असल्यास त्याच्या बुंध्याजवळची मूठभर माती रोपाच्या मातीत मिसळणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

त्यानंतरची चूक उतावळेपणाची, आणि तीच सर्वांत महाग पडते. पहिली एक-दोन वर्षे जमिनीवर मोजकीच पाने दिसतात, कारण झाडाची बरीचशी शक्ती सोटमूळ खोल नेण्यात खर्च होत असते. बियापासून वाढवलेल्या झाडाला फुले यायला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दरम्यान जागा बदलण्यासाठी रोप उपटले तर सोटमूळ तुटते आणि ती सारी वाढ वाया जाते. म्हणून जागा आधीच कायमची ठरवावी, दोन झाडांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे आणि रोप कुंडीत फार दिवस अडकवून ठेवू नये. झाड हलवणे अटळच असेल, तर कोंब फुटण्यापूर्वी मोठ्या मातीच्या गड्ड्यासह हलवावे.

दुष्काळ सोसण्याची क्षमता ही मुळे खोल गेल्यानंतरची गोष्ट आहे. त्यामुळे लागवडीच्या वर्षी पाण्याची हयगय करू नये. पुढे मात्र निचरा नसलेल्या जमिनीत पाणी साचू दिल्यास मुळे कुजतात. नत्रयुक्त खत तर टाळावेच: जमिनीत नत्र मुबलक असले की गाठी कमी धरतात, फांद्या लुसलुशीत होतात आणि झाड मधोमध फाकून आडवे पडते. सावलीतही हेच घडते, म्हणून दिवसाला किमान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. फाकलेल्या झाडाची फुले ओसरताच एक तृतीयांश छाटणी करता येते, मात्र मग काळ्या पडणाऱ्या फुगीर शेंगांवर पाणी सोडावे लागते.

कडाक्याच्या थंडीने पाला काळा पडला की झाड मेले असे समजून काही जण ते खणून काढतात. तसे करू नये. जमिनीखालचा भाग जिवंत असतो आणि वसंतात शतावरीसारखे जाड कोंब वर येतात.

पाने झपाट्याने फस्त होऊ लागली, तर फवारणीआधी अळी ओळखावी. जेनिस्टा ब्रूम मॉथ या पतंगाच्या ठिपकेदार, केसाळ अळ्या उघड्यावर घोळक्याने खातात. त्या हाताने वेचाव्यात. पाने रेशमी धाग्यांनी जुळवून आत लपलेली अळी मात्र बहुधा वाइल्ड इंडिगो डस्कीविंग या फुलपाखराची असते. तिच्यामुळे झाडाचे फारसे नुकसान होत नाही, म्हणून तिला राहू द्यावे.