गावाहून नागपूर: एसटी, रेल्वे, मेट्रोची तिकिटं जोडताना

एसटी, पॅसेंजर आणि मेट्रो, तिन्हींत चालेल असं एकच तिकीट आपल्याकडे नाही. वर्धा-हिंगणघाटकडच्या खेड्यातून नागपूरला निघालं की ही जोडणी आपली आपल्यालाच करावी लागते. पैसे जास्तीचे जातात ते बहुतेक गाडी बदलताना.

आधी टप्पा समजून घ्या. एसटीचं भाडं टप्प्यावर लागतं आणि टप्पा असतो 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025च्या भाडेवाढीपासून साध्या गाडीला टप्प्यामागे 10 रुपये 5 पैसे. अर्धा टप्पा नसतो. समजा गाव ते तालुका 8 किलोमीटर, म्हणजे 2 टप्पे. तालुका ते जिल्हा 40, म्हणजे 7. तालुक्याला उतरून दुसरी गाडी धरली तर 9 टप्पे झाले. तेच 48 किलोमीटर पहाटेच्या मुक्कामी गाडीनं थेट गेलात तर 8. खेपेला दहा रुपये वाचले, महिन्याच्या 44 खेपांना 440. टप्प्यांची ठिकाणं रस्त्यावर ठरलेली असतात, म्हणून मधल्या फाट्यावरून चढणाऱ्याचा आकडा थोडा बदलतो, पण हिशेबाची रीत हीच.

रोज जाणाऱ्यानं मासिक पास काढावा: 20 दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं भरून 30 दिवस प्रवास. त्रैमासिकाला 50 दिवसांचं भाडं, प्रवास 90 दिवस. महिन्याला 20 दिवसांपेक्षा कमी जाणं होत असेल तर तिकीटच बरं. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे, त्यांनी फार विचार करू नये.

बायकांचा हिशेब मात्र उलटा पडतो आणि तिथंच लोक चुकतात. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तीसही दिवस अर्ध्या तिकिटानं गेल्या तरी होतं 15 दिवसांचं पूर्ण भाडं. पूर्ण दराचा पास घेतला तर 20 दिवसांचं. वरच्या 8 टप्प्यांवर बघा: पास सुमारे 3,200 रुपये, रोज अर्धं तिकीट काढून फार तर 2,400. त्रैमासिकाचंही तेच, 45 दिवसांचं भाडं विरुद्ध 50. घरातल्या कर्त्या माणसानं हौसेनं दोघांचाही पास काढला तर तिच्यावरचे पैसे वायाच.

75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट, 65 ते 75ला अर्धं. फुकट असलं तरी शून्याचं तिकीट कंडक्टरकडून मागून घ्या आणि आधार जवळ ठेवा. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. गोंदियाहून बालाघाटला किंवा चंद्रपूरहून आदिलाबादला जाताना हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागतं. तेवढे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा. फाट्यापर्यंत काळी-पिवळी केली तर तिथं यातली एकही सवलत नाही.

वर्ध्याहून पुढं रेल्वे स्वस्त. जनरलचं तिकीट मोबाईलवर निघतं, पण पेपरलेस तिकीट, म्हणजे कागदावर न छापता मोबाईलवरच दाखवायचं, स्टेशनात शिरल्यावर काढता येत नाही. ते एसटीत बसल्या-बसल्याच काढा, किंवा स्टेशनावर लावलेला क्यूआर स्कॅन करा. फार लवकरही नको: 199 किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर 3 तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. स्क्रीनशॉट टीसी मानत नाही आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. समोर सुपरफास्ट लागली म्हणून साध्या तिकिटावर चढू नका. जनरलला तिचे 15 रुपये वेगळे असतात, नसले तर दंड.

नागपुरात उतरल्यावर संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडा, मेट्रोचं स्टेशन तिकडेच आहे. खापरीकडं जायचं तर सीताबर्डीला मेट्रो बदलावी लागते, पण तिकीट एकच चालतं. अख्ख्या प्रवासात गाडी बदलूनही दुसरं तिकीट न लागणारी जागा एवढीच.

एसटीत यूपीआय चालतं, पण रेंज नसलेल्या पट्ट्यात पैसे अडकतात. वरच्या खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. आणि तिकीट उतरेपर्यंत चुरगाळू नका: गाडी बंद पडली की मागच्या गाडीत त्याच तिकिटावर बसवतात.