नागपुरात दोन फ्लॅटच्या किमतींची तुलना करताना नकाशाची (घराच्या मांडणीची) किंमत कशी काढावी

एकाच गल्लीतले दोन टू-बीएचके, भाव वेगवेगळे. अशा वेळी मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग सध्या विसरा, ते नंतरही करून घेता येतं. घराची दिशा, खिडक्या आणि कॉलमच्या जागा मात्र बदलत नाहीत. तुलना त्यांचीच करा.

सुरुवात कार्पेटपासून, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेपासून. समजा, पहिला फ्लॅट सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून) १,२०० चौरस फूट, भाव फुटाला ५,००० रुपये, म्हणजे ६० लाख. कार्पेट निघालं ८००, तर खरा भाव ७,५०० झाला. दुसरा ५,३०० च्या भावाने १,१०० फूट, म्हणजे ५८ लाख ३० हजार. पण कार्पेट ८२०, म्हणून खरा भाव साधारण ७,११०. ऐकायला महाग वाटलेलाच स्वस्त निघाला. नव्या प्रकल्पाचं कार्पेट महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर सापडतं, जुन्या फ्लॅटमध्ये टेप घेऊन स्वतः मोजा.

टेप हातात आहे तोवर पॅसेजही मोजा. २० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पॅसेज म्हणजे ७० चौरस फूट. ७,५०० च्या भावाने सव्वापाच लाख रुपये नुसत्या येण्याजाण्याच्या जागेचे!

आता ऊन. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून माझ्या मते इथे सगळ्यात जास्त वजन यालाच द्यावं. दुपारी चारला घर बघायला जा आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. वरचा मजला असेल तर स्लॅबवर काही उपाय केलाय का, विचारा. कूलर बसेल अशी खिडकी हवी, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला वाट हवी. ती नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो, मग एसी आणि त्याचं बिल. हा खर्च किमतीतून वजा धरा.

शेवटी त्याच इमारतीत किंवा शेजारी अलीकडे झालेल्या विक्रीची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा) काढा, नोंदलेली किंमत त्यात असते. त्या फ्लॅटमध्ये तुमच्यापेक्षा काही चांगलं असेल तर त्याच्या किमतीतून तेवढं कमी करा, तुमचा सरस असेल तर वाढवा. बाल्कनी बंद करून काढलेली खोली मंजूर नकाशात नसेल, तर तिला खोली म्हणून पैसे मोजू नका. कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअरही सहसा ती धरत नाही.