उसाच्या पट्ट्यात साठ कोंबड्या: सेंद्रिय अंड्यांचं घरगुती नियोजन

कोंबड्या किती पाळायच्या हे शेडच्या आकारावरून ठरवू नका. चरायला रान किती, खाद्याचं धान्य घरचं किती आणि दर आठवड्याला अंडी नेणारी घरं किती, यातलं जे सगळ्यात कमी असेल त्यावर आकडा बसवा. घरच्या माणसांना मजूर न लावता साधारण ६० कोंबड्या नीट सांभाळता येतात. दिवसाला सरासरी २८ अंडी म्हणजे आठवड्याला २०० च्या आसपास. दहा-दहा अंडी नेणारी वीस घरं कोल्हापुरात जोडली की माल घरात राहत नाही.

साठही कोंबड्या एका वयाच्या घेऊ नका, नाहीतर सगळ्या एकदमच पिसं गाळतात आणि महिना-दीड महिना गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं. दर सहा महिन्यांनी २० तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण माद्या) कळपात यायला हव्यात. एकदिवसीय पिल्लांत निम्मे नर निघतात, म्हणून ४५ ते ५० पिल्लं आणा आणि नर चौदाव्या आठवड्याच्या सुमारास विका. पिल्लं सप्टेंबर आणि मार्चमध्ये आणावीत. जून-जुलैच्या पावसात ऊब धरवणं आणि खाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवणं दोन्ही जड जातं. ग्रामप्रिया ही सुधारित जात परसात वर्षाला १६० ते १८० अंडी देते, गावरान ६० ते ८०. गावरान मात्र खुडूक बसून पिल्लं काढते, म्हणून चार-पाच ठेवाव्यातच. पिल्लांची चौकशी कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात करा.

साठ कोंबड्यांना १०×१४ फुटांचं शेड पुरतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पश्चिमेची बाजू पूर्ण बंद करा आणि छपराचं पाखं तीन फूट बाहेर काढा. गगनबावडा, राधानगरीकडच्या जास्त पावसात एवढ्यावरही भागत नाही. तिथे ताडपत्रीचे पडदे खालून वर सरकणारे बांधा, म्हणजे झड अडते आणि वरच्या फटीतून वाफ निघून जाते. अर्ध्या इंचाची जाळी जमिनीत फूटभर गाडा, मुंगूस उकरून आत येतं. शेडभोवती १५ फूट ऊस नको. ऊस वाढला की मुंगूस आणि रानमांजर त्याच्या आडोशानेच येतात. शेजारच्या उसात तणनाशक मारणार असतील तर त्या बाजूला कोंबड्या सोडू नका.

चरण्यासाठी एकूण आठ गुंठ्यांचे चार वाफे पाडा. एका वाफ्यात आठवडाभर चरू द्या, मग त्याला तीन आठवडे विश्रांती. एकाच जागी कळप राहिला की गवत संपतं, जंत आणि रक्ती हगवण वाढते.

सेंद्रियमध्ये सगळ्यात अवघड काम खाद्याचं. बाजारातली सोयाबीन डीओसी, म्हणजे सोयाबीनची पेंड, रासायनिक द्रावकाने तेल काढलेली असते, ती सेंद्रियला चालत नाही. १०० किलोचं मिश्रण असं करा: मका ४८, भाजलेलं सोयाबीन १८, घाण्याची शेंगदाणा पेंड ६, सूर्यफूल किंवा तिळाची पेंड ४, भाताचा बारीक कोंडा १३, शिंपल्याचा चुरा ८, खनिज मिश्रण अडीच किलो, मीठ ३०० ग्रॅम. सोयाबीन कच्चं कधीही देऊ नका. प्रथिनं पचू न देणारा त्यातला घटक भाजल्यावरच निकामी होतो. तीळ-सूर्यफुलाची पेंड मेथिओनिन या प्रथिनातल्या घटकासाठी लागते. ते किंवा मीठ कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं टोचतात. मिश्रण पंधरवड्यापुरतंच बनवा, कारण कोंडा आणि सोयाबीन खवट होतात. मक्याचा दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. बुरशी आलेला मका धुऊन-वाळवूनही विषारीच राहतो, तो टाकून द्या. बंदिस्त कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम लागतं. चरणारीलाही ८० ग्रॅमच्या खाली आणू नका.

अमोनियाचा वास येऊन डोळे चुरचुरले की बहुतेक जण पावसाला दोष देतात, पण आधी पाण्याचं भांडं बघा. भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवं. तुसाचा थर चार ते सहा इंच ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर तूस ओलं, मूठ उघडताच भुरभुरलं तर ठीक. आठवड्यातून एकदा दाताळ्याने हलवा. वर्षाचं साठ कोंबड्यांचं हे खत दीड टनाच्या आसपास भरतं. ताजं घातलं तर मुळं करपतात, म्हणून उसाच्या पाचटाच्या थरांत रचून, ओल राखून, दोन-तीन वेळा पलटून अडीच-तीन महिन्यांनी भाजीला घाला.

सेंद्रिय म्हणजे लस नाही, हा समज कळप संपवतो. मानमोडीसाठी सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्याला गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठ ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी, ही मानमोडीचीच लस. कुपी १०० मात्रांची किंवा त्याहून मोठी असते आणि विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी आपापल्या पिल्लांना एकाच दिवशी लस द्यावी. बर्फाच्या थर्मासशिवाय ती आणू नका.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतलं की वरचं संरक्षक आवरण जातं. टोकाची बाजू खाली ठेवून रचा. पाच कोंबड्यांमागे एक खोकं दिलं की जमिनीवर अंडी पडणं कमी होतं. सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर किमान पाच शेतकऱ्यांचा पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करून हमी देण्याची पद्धत) गट करा.

श्रावणात मागणी उतरते. त्यामुळे सप्टेंबरची जुनी तुकडी, बावीस महिन्यांची झाली की, आषाढात विका. तेव्हा कोंबडीला भाव असतो. मार्चच्या तलंगा श्रावणाच्या आसपास अंड्यावर येतात. त्यांची सुरुवातीची लहान अंडी घरी खा, आणि नेहमीच्या घरांना रतीब पुन्हा कधी सुरू करायचा ते आधीच विचारून ठेवा.