मृगातला तेजोमेघ: ताऱ्यांचा जन्म कसा पाहायचा

तारे जिथे जन्मतात ती जागा घरच्या दुर्बिणीतून पाहायची असेल, तर मृग नक्षत्रातला एम४२ तेजोमेघ (वायू आणि धुळीचा उजळ ढग) गाठा. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. महाराष्ट्रातून जानेवारीअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेला चांगला उंच, क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास असतो. रात्र अमावस्येजवळची निवडा.

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला धुरकट ठिपका म्हणजे एम४२. १२०० मिमी नाभीय अंतराच्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीला आधी २५ मिमीची आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावा (४८ पट), मग १० मिमीची (१२० पट). मध्यभागी चार ताऱ्यांचा इवलासा चौकोन सुटा दिसायला हवा. तारे थरथरत एकमेकांत मिसळत असतील, तर बहुतेक वेळा आरसा अजून गरम असतो. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवा, आणि तापलेल्या गच्चीपेक्षा गवताची जागा बघा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल पाहिला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फोटोतला गुलाबी रंग शोधत बसू नका. तो मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा. इतक्या मंद उजेडात डोळ्याला तो जवळपास जाणवतच नाही. राखाडी-हिरवट छटा दिसली म्हणजे नीट दिसतंय.

चौकोनाजवळ उजळ वायूत घुसलेली काळी खाच मात्र निरखून पाहा. तिथे धुळीने मागचा प्रकाश अडवलाय. चौकोनातले तारे जन्मून झालेत. त्यांतल्या सर्वांत प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनीच मुख्यतः हा वायू उजळतो. नवे तारे घडताहेत ते या उजळ वायूच्या मागे, धुळीने भरलेल्या गार ढगात. तिथल्या दाट गाठींमध्ये वायूचा दाब गुरुत्वाकर्षणापुढे कमी पडतो आणि गाठ आत कोसळते.

तिथे दृश्य प्रकाश हतबल ठरतो. अवरक्त किरण धुळीतून बरेचसे पार होतात, म्हणून कोवळे तारे अवरक्त दुर्बिणींनी शोधतात. वायूचं काम रेडिओ दुर्बिणींचं. इतक्या थंडीत हायड्रोजनचे रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाहीत, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा, म्हणजे त्या ठरावीक तरंगलांबीचं उत्सर्जन, मोजतात. ती अवकाशात पहिल्यांदा सापडली १९७० मध्ये, याच तेजोमेघाच्या दिशेने. गाठ कोसळते आहे का, हे तपासायला आणखी दाट वायूतल्या रेणूंच्या रेषा घेतात. रेषेला दोन शिखरं असून निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या, बाजूचं उंच असेल, तर वायू आत पडत असण्याची शक्यता असते. पण गाठीचं फिरणं किंवा बाहेर सुटणारे झोतही असाच आकार देऊ शकतात. त्यामुळे एकाच रेषेवर निष्कर्ष काढत नाहीत, गाठीच्या वेगवेगळ्या बिंदूंवर वेगवेगळ्या रेणूंनी मोजतात.