एकटीने सायकल चालवताना सेफ कसं राहायचं: निघायच्या आदल्या रात्रीपासून घरी पोचेपर्यंत

एकटीच सायकलवर जाते म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, एकटी जाऊ नकोस. सांगणाऱ्याची काळजी मला कळते, पण त्या सल्ल्याचं करायचं काय? रोज सोबत कुठून आणणार, आणि कधीकधी आपल्याला एकटीनेच जायचं असतं, तेवढाच काय तो आपला वेळ. २०१८ मध्ये जेनी ग्रॅहम नावाच्या बाईने कुठलीही सपोर्ट गाडी न घेता, एकटीने, १२४ दिवसांत सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यामुळे जायचं की नाही हा विषय माझ्यापुरता संपलाय, कसं जायचं ते बोलूया.

मी बरीच वर्षं एकटी चालवते आणि माझं सगळं गणित एका गोष्टीवर आहे. नको त्या जागी थांबायची वेळ येऊ द्यायची नाही, आणि थांबावं लागलंच तर दोन सेकंदांत निघता आलं पाहिजे. चालत्या सायकलवरच्या बाईला गाठणं अवघड असतं, थांबलेल्या बाईला गाठणं सोपं. खालचं सगळं त्यातूनच आलंय.

१. आधी सायकल, बाकीचं नंतर

सेफ्टी म्हटलं की लगेच मिरचीचा स्प्रे आणि शिट्टी आठवते, पण निर्जन रस्त्यावर बाईला थांबवतं ते बहुतेक वेळा पंक्चर किंवा उतरलेली चेन. म्हणून आदल्या रात्री दहा मिनिटं सायकलला द्यायची. हवा नुसती दाबून बघू नका, टायरच्या बाजूला किती प्रेशर ते छापलेलं असतं, गेज असलेल्या पंपाने त्या हिशोबात भरा. मग चाक हळूहळू फिरवत टायर नीट बघा, काचेचा बारीक तुकडा रबरात रुतून बसलेला असतो, तो आज काही करत नाही, चार दिवसांनी आत जातो. दोन्ही ब्रेक दाबून बघा, पुढचा-मागचा लाइट चार्ज करा.

सोबत एक स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, पॅचचं पाकीट आणि मल्टीटूल. पण हे सामान असून उपयोग नाही जर हात बसलेला नसेल, म्हणून घरीच बसून मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा, असं तीन-चार वेळा करा. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता आणि आता दहा-बारा मिनिटांत होतं. निर्जन जागी पाऊण तास बसणं आणि बारा मिनिटं बसणं यातला फरक सांगायला नको. उतरलेली चेन चढवायचीही प्रॅक्टिस करा, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, हाताने पुढे ढकलला की चेन सैल पडते, मग ती पुढच्या चकतीवर लावून पेडल फिरवायचं, एकदा जमलं की अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि एक महत्त्वाचं, पंक्चर जिथे झालं तिथेच काढायचं असा काही नियम नाही! एकदा संध्याकाळी उजेड जात असताना माझं मागचं चाक बसलं, दोन्हीकडे झाडी, रस्ता रिकामा, आणि मी सवयीने उतरून सायकल उलटी करायला लागले. तेवढ्यात एक बाइकवाला पुढे जाऊन परत वळून आला, काय झालं ताई मदत करू का. माणूस कदाचित चांगलाही असेल, मला माहीत नाही. पण माझी सायकल उलटी, चाक सुटं, फोन बॅगेत, म्हणजे मला तिथून हलायचा मार्गच नव्हता, आणि हे लक्षात आलं तेव्हा हाताला घाम फुटला. मी म्हटलं भाऊ मागून येतोय, पाचच मिनिटांवर आहे. तो थोडा वेळ थांबून गेला. तेव्हापासून ठरवलंय, आजूबाजूला माणसं नसतील तर हवा गेलेल्या टायरवरच हळूहळू चालवत किंवा सायकल ढकलत पुढच्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागेपर्यंत जायचं. टायर खराब होईल, रिमला मार बसेल, बसू दे, रिम नवीन मिळते.

२. घरी कोणाला तरी तुमची वेळ माहीत पाहिजे

नुसतं ‘जाऊन येते’ पुरत नाही आणि नुसतं लाइव्ह लोकेशनही पुरत नाही, कारण ते बघतंय कोण? व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास शेअर करता येतं, लांबच्या राइडला आठ तास टाका, पण रेंज गेली की तो ठिपका जागच्या जागी राहतो आणि समोरच्याला वाटतं तुम्ही चहापाण्याला थांबलात. म्हणून एका माणसाशी नीट बोलून ठरवा: मी या रस्त्याने जाणार, या वेळेला परत, तेव्हापर्यंत मेसेज नाही आला तर पंधरा मिनिटांनी फोन कर, फोन नाही उचलला तर अर्ध्या तासाने अमक्याला कळव. एखादा शब्दही ठरवून ठेवा, फोनवर साधं वाटेल असं वाक्य, ज्याचा अर्थ त्या माणसाला कळेल की मी अडचणीत आहे. घाबरलेल्या अवस्थेत काय बोलायचं ते सुचत नाही, आधी ठरलेलं असलं की तोंडातून निघतं.

रूटबद्दल एवढंच की नवीन रस्ता पहिल्यांदा दिवसा करा आणि जाताना थांबण्यासारख्या जागा मनात टिपून ठेवा, पेट्रोल पंप, दवाखाना, उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान. आणि रोज त्याच वेळेला त्याच रस्त्याने जाऊ नका, आठवड्यात दोनदा तरी दिशा नाहीतर वेळ बदला.

इथेच राइड रेकॉर्ड करणाऱ्या अ‍ॅपचंही सांगते. राइड संपल्या संपल्या मॅपसकट पोस्ट करायची सवय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतीचा भाग लपवा आणि राइड कोणाला दिसावी ते ‘फॉलोअर्स’ किंवा ‘फक्त मी’ वर ठेवा. २०१८ मध्ये स्ट्राव्हा नावाच्या अशाच अ‍ॅपच्या हीटमॅपवरून, म्हणजे लोक कुठे पळतात, सायकल चालवतात ते दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळ ओळखू आले होते, कारण सैनिक आत पळताना अ‍ॅप चालू ठेवत होते. मग रोज एकाच दारातून निघणारी आणि तिथेच संपणारी आपली रेघ बघून घर शोधणं किती सोपं असेल!

३. फोन अंगावर, सायकलवर नाही

हँडलवर फोन लावला की मॅप दिसतो हे खरं, पण कोणी हिसकावला, तुम्ही पडलात किंवा सायकल टाकून पळायची वेळ आली तर फोन गेला. फोन खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, थोडे पैसे आणि ओळखपत्र पण तिथेच, बॅगेत नाही. फोनमधलं इमर्जन्सी एसओएस आजच लावून घ्या, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाचदा पटापट दाबलं की सुरू होतं, आयफोनवर साइडचं बटण आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून धरायचं. तुमच्या फोनमध्ये ते आवाज करतं का, कोणाला मेसेज जातो, हे आधी वाचून ठेवा. लॉक स्क्रीनवरून दिसेल अशी मेडिकल माहिती आणि घरचा नंबर भरा, पडून बेशुद्ध झालात तर उचलणाऱ्याला तेवढंच दिसतं.

४. रस्त्यावर

इअरफोन नको. एका कानातही नको. मागून गाडीचा आवाज अचानक कमी झाला, कोणीतरी तुमच्या स्पीडला स्पीड लावला, हे आधी कानाला कळतं. हँडलला छोटा आरसा लावा, काही लोकांना तो बावळट वाटतो, वाटू दे, मागे कोण किती वेळ आहे हे मान न वळवता कळतं.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. कडेपासून साधारण मीटरभर आत राहिलं की बाजूला सरकायला जागा राहते, खड्डा आला तरी आणि कोणी अंगावर गाडी घातली तरी.

आणि गिअर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. सिग्नलला किंवा पाणी प्यायला थांबताना बहुतेक जणी जड गिअरमध्येच थांबतात, मग निघताना पहिली दोन पेडलं मारायला अख्खं वजन टाकावं लागतं आणि सायकल डगमगते. थांबायच्या आधी, पेडल मारत असतानाच, दोन-तीन गिअर हलके करून घ्या. थांबल्यावर एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्या पायाचं पेडल वर, पुढच्या बाजूला, घड्याळात दोन वाजता काटा असतो तसं. आता पाय दाबला की सायकल सुटते. सीटवरून उतरून, सायकल मांडीला टेकवून फोन बघत उभं राहायचं ते फक्त माणसांत.

५. कोणी मागे लागलं तर

आधी खात्री करा, त्याला दहा सेकंद लागतात. स्पीड कमी करा, गाडी पुढे गेली तर प्रश्न मिटला. तीही हळू झाली तर एखादं विनाकारण वळण घ्या. तरी मागे असेल तर ती तुमच्याचसाठी आहे असं धरून चाला, उगाच संशय घेतेय का मी, असं मनाशी घोळवत बसू नका.

घराकडे जायचं नाही. माणसं आहेत तिकडे जायचं. मागे कार असेल तर थांबून उलटं वळा आणि आलात त्याच दिशेने निघा, सायकल जागच्या जागी वळते, कारला वेळ लागतो, किंवा कार शिरणार नाही अशा गल्लीत घुसा, फक्त ती पुढे बंद नाही हे माहीत पाहिजे.

बाइकवरून बाजूला येऊन हात लावणारे, हा प्रकार दुर्दैवाने बऱ्याच जणींना माहितीय. त्या क्षणी हात उगारावासा वाटतो, पण एक हात सुटला की आपणच पडतो. दोन्ही हात हँडलवर आणि ब्रेक. तो त्याच्या स्पीडने पुढे निघून जातो आणि तुम्हाला त्याची नंबर प्लेट दिसते. नंबर मोठ्याने म्हणा, म्हणत राहा, आणि तो परत वळायच्या आत उलट्या दिशेने माणसांकडे जा. तिथे पोचल्यावर नंबर, गाडीचा रंग, कपडे, वेळ फोनवर बोलून रेकॉर्ड करा, तासाभराने यातलं निम्मं आठवत नाही आणि तक्रार करताना हेच विचारतात. आणि तिथे असताना हँडल नीट धरता आलं नाही, ओरडता आलं नाही, अंग गोठलं, असं झालं तर तो तुमचा दोष नाही, पुष्कळ जणींचं होतं.

कोणी पत्ता विचारायला थांबवलं तर चालता चालताच ‘माहीत नाही’ म्हणायचं. थांबलातच तर हाताच्या अंतराबाहेर, पाय पेडलवर, आणि मॅप दाखवायला फोन बाहेर काढायचा नाही. उद्धट वाटेल म्हणून आपण थांबतो, पण अनोळखी माणसाला उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक नाहीये.

शिट्टी गळ्यात ठेवा, मला ती स्प्रेपेक्षा भरवशाची वाटते. स्प्रे काही देशांत बेकायदा आहे, वाऱ्यावर उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, आणि चालत्या सायकलवर तो काढायला एक हात सोडावा लागतो. तरी ठेवणार असाल तर कायदा बघा आणि उघड्यावर एकदा फवारून बघा.

कुत्री मागे लागली तर बहुतेक वेळा पळणाऱ्या चाकाच्या मागे लागतात. उतारावर पटकन निसटता येत असेल तर ठीक, नाहीतर थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि जाड आवाजात दटावा, मग हळूहळू चालत बाहेर पडा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

६. पोचल्यावर

सायकलला कुलूप लावायच्या आधी ‘पोचले’ हा मेसेज. विसरलात तर ठरल्याप्रमाणे पंधरा मिनिटांनी फोन यायला लागतील, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी ‘विसरली असेल’ म्हणून घरचे निवांत बसतील, आणि नेमकी तीच वेळ खरी असू शकते.